समुद्राचा तुकडा

ताईने कपाटाची किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली आणि वर बजावलंच, "पाटी बाहेर काढ, मऊ फडक्याने पूस, टेबलावर ठेव. संग्रहालयाच्या बाई एकला येणार आहेत. रंगाला बोट लावायचं नाही. कळलं?"

"कळलं गं. पहिल्यांदा काढतेय का?"

"म्हणूनच सांगतेय. तुझा हात मला ठाऊक आहे."

एवढं बोलून ताई काळा चष्मा सावरत जिना उतरली आणि टॅक्सीत जाऊन बसली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज दहावा दिवस. डॉक्टर तो डोळा तपासणार होते, डावाही नीट बघणार होते आणि कामाला हात लावायचा की नाही ते सांगणार होते. धाकटी म्हणाली, मी येते सोबत. तर तिला उत्तर मिळालं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

धाकटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे बरं का. सत्तावन्न पूर्ण झालेली बाई. पण ताई चौसष्टची, आणि आधी जन्मलेल्याने शेवटपर्यंत आधीच जन्मलेलं राहायचं असतं, त्याला कोण काय करणार? दोघींनी लग्नं केली नाहीत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा कारखाना, त्याच्या वर राहायची जागा, आणि फुटक्या चिनी मातीचा संसार. फुलदाण्या, बाहुल्या, किटल्या, कुणाच्या आजीची बशी. फुटलेलं घेऊन लोक यायचे आणि अख्खं घेऊन जायचे. बाबांनी हा धंदा सुरू केला आणि मुलींना वाटूनही दिला. धाकटीने तुकडे जोडायचे, उडालेल्या जागी भरण भरायचं, ते घासून गुळगुळीत करायचं. मग ताईने त्यावर असा रंग लावायचा की जुन्याच्या नि नव्याच्या मधली रेघ शोधून सापडू नये. बाबांचे नियम दोनच. जुन्यावर ब्रश न्यायचा नाही. आणि लावशील ते उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर निघालं पाहिजे.

टॅक्सीचा आवाज लांब गेल्याची खात्री होईपर्यंत धाकटी खिडकीशी उभी राहिली. मग धावली. सत्तावन्नाव्या वर्षी बाई अशी धावली की वाटेतलं स्टूल आडवं झालं, ते तिने उचललंसुद्धा नाही. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

आता हे एवढं कशासाठी, ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच म्हणाल, म्हातारी चोरी करतेय की काय. चोरीच करत होती, पण वेगळी. दोन वर्षांपासून ताईचे रंग चुकत होते. थोडेथोडके नाही, चांगले चुकत होते. आणि ते ताईला दिसत नव्हते, कारण ज्या डोळ्यांनी रंग मिसळायचा त्याच डोळ्यांनी तो तपासायचा. मोतीबिंदू काही एका दिवसात पडदा ओढत नाही. तो हळूहळू पिवळा होत जातो. निळ्यातलं नि जांभळ्यातलं अंतर पुसून टाकतो, हिरव्याचा तपकिरी करतो, आणि माणसाला वाटत राहतं, जग आहे तसंच आहे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा गिऱ्हाईक तासाभरात येणार होतं. धाकटीने गुपचूप ताईचा रंग पुसला आणि स्वतः लावला. ताईची शोभा नको, एवढंच डोक्यात. एकदाचंच आहे, असंही वाटलं. पण झाकाझाकीला 'एकदाच' कधी असतं का? ताई जेवून वामकुक्षीला वर गेली की धाकटीचा हात चालायचा. ताईला वाटे, आपला हात अजून तसाच आहे. गिऱ्हाइकांनाही तसंच वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मोतीबिंदू कळला तो कामामुळे नाही, जिन्यामुळे. महिन्यापूर्वी ताईची एक पायरी चुकली, पाय मुरगळला. पायाच्या डॉक्टरने डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, बाई, आधी हे दाखवा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईने या पाटीचं काम संपवलं आणि पाटी कपाटात कुलूपबंद केली. वस्तू संग्रहालयाची, जुनी, मोलाची. बाईंची अटच होती तशी. किल्ली ताईच्या बटव्यात, बटवा उशीखाली. दहा दिवस धाकटीने त्या उशीकडे बघून काढले. जोडीला भीती अशी की आता ताईच्या डोळ्यात नवी स्वच्छ काच बसलीय. आज दुपारी ती पाटी बघेल, आणि पहिल्याच नजरेत तिला कळेल. ही पाटी बिघडलीय, हे कळेल. मग मागच्या सगळ्या वस्तू कशा बिघडल्या नाहीत, हेही कळेल. ताई हिशेबाला कच्ची नाही.

धाकटीने कपाट उघडलं, पाटी दोन्ही हातांनी उचलून खिडकीखालच्या टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"अगं आई गं," ती मोठ्याने म्हणाली.

पोर्सेलीनची पाटी. शाळेच्या पाटीएवढी, भिंतीवर लावायची, दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने रंगवून भट्टीत पक्की केलेली. चित्र पुराणातलं. समुद्रातल्या खडकाला साखळ्यांनी बांधलेली राजाची मुलगी. खालून लाटांतून वर आलेला, मासा की साप ते ठरवता येऊ नये असा राक्षस. आणि वर ढगांतून पंखांच्या घोड्यावर बसून तलवार उपसत येणारा वीर. गोष्ट बाबांनी सांगितलेली होती. राणीने बढाई मारली की माझी मुलगी समुद्राच्या मुलींपेक्षा देखणी. समुद्राला राग आला. आणि राणी राहिली महालात, बांधलं मुलीला. लहानपणी ताई त्या राणीवर भयंकर चिडायची.

पाटी तीन तुकड्यांत आली होती. सांधे धाकटीने असे बसवले होते की नख फिरवलं तरी अडकू नये. पण राक्षसाच्या मानेशेजारचा अंगठ्याएवढा समुद्र कायमचा उडालेला होता. तिथे धाकटीने भरण भरलं आणि ताईने त्यावर समुद्र रंगवला. लाटा काय सुरेख काढल्या होत्या! जुन्या लाटेची रेघ जिथे तुटली तिथून ताईने ती उचलली होती आणि पलीकडच्या रेघेत अलगद नेऊन सोडली होती. हात पूर्वीसारखाच होता. फक्त तो समुद्र वांगी रंगाचा होता. भोवतीच्या निळ्याहिरव्या पाण्यात असा दिसत होता की जणू त्या राक्षसाला कुणी ठोसा मारलाय.

धाकटीने काडीला कापूस गुंडाळला, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला आणि पुसायला घेतलं. भट्टीतला जुना रंग अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, वरचा नवा मात्र सुटतो. तरी कडेला आली की ती हात आखडायची. कापूस जांभळा झाला की टोपलीत, नवा कापूस, पुन्हा. ताईच्या लाटा एकेक करून निघत गेल्या. त्या निघताना धाकटीला दरवेळी वाईट वाटायचं, आजही वाटलं. पावणेदहा. दहा. दहा वाजून दहा मिनिटांनी खालचं पांढरं भरण मोकळं झालं.

मग रंग. पांढऱ्या बशीत निळा, त्यात हिरव्याचा थेंब, राखाडीची नुसती चाहूल. खिडकीशी नेऊन बघितलं, जास्त हिरवा. पुन्हा निळा. आता तो जास्त थंड. तिने हात मांडीवर आपटला. "स्थिर राहा की मेल्या!"

आणि खरं सांगायचं तर या भीतीच्या पोटात तिला मजाही येत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, देवालाही नाही. चाळीस वर्षं ऐकलं होतं, तुझा हात भरणाचा, रंगाचा नव्हे. दोन वर्षांत तिला कळलं होतं की हात रंगाचाही आहे. तिने रंगवलेली फुलं, पानं, चेहरे लोक घेऊन गेले होते आणि ताईला शाबासकी देऊन गेले होते, आणि ताईला मिळालेली ती शाबासकी धाकटीने कोपऱ्यात बसून गुपचूप खाल्ली होती. म्हणजे ताईची शोभा नको, हे खरंच. पण तेवढंच खरं, असंही नाही.

अकराला पाच कमी असताना रंग जुळला. इतका जुळला की तिने ब्रशचं टोक भरणावर टेकवलं आणि टेकवलेलं दिसेना. ती भराभर लावत गेली. राक्षसाच्या मानेपाशी ब्रश जरासा घसरला आणि केसाएवढी रेघ जुन्या रंगावर गेली. बाई जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊन येतात. त्यात नवा रंग वेगळा उमटतो, रेघेबाहेर गेलेला तर चोरासारखा पकडला जातो. तिने काडीच्या टोकाने ती रेघ टिपून घेतली. भिंगातून बघितलं. गेली होती.

लाटा तिने ताईसारख्या काढायचा प्रयत्न केला. बऱ्या जमल्या. वरून चकाकीचा पातळ हात दिला आणि केस वाळवायचं यंत्र लांबून, मंद ठेवून धरलं. सव्वाअकरा. बाराच्या आत टॅक्सी यायची नाही. आता फक्त ब्रश धुवायचे, बशी पुसायची, टोपली रिकामी करायची.

खाली टॅक्सीचं दार आपटलं.

तिने ब्रश बरणीत कोंबले, बशी खणात सारली, यंत्राची वायर ओढून काढली. खिडकी सताड उघडली, वास जावा म्हणून. जिन्यावर पावलं चढत होती, एक पाय जरा जपून. टोपली टेबलाखाली ढकलते न ढकलते तोच ताई दारात.

"स्टूल का आडवं पडलंय?"

"पडलं."

"आपोआप? आणि एवढा कसला वास येतोय?"

"कडा पुसल्या गं. बोटांचे डाग होते. तू लवकर आलीस ती?"

"पहिलाच नंबर लागला." ताईने डॉक्टरांनी आता नको म्हटलेला काळा चष्मा काढला, सराईतपणे पदराने पुसला आणि बाजूला ठेवला. ती खोलीभर बघत होती. भिंतीकडे, बरण्यांकडे, धाकटीच्या तोंडाकडे. "बाई गं. तू किती पांढरी झालीस! केस म्हणतेय मी. कधी झालीस?"

"तुझ्या नादाने."

"बाजूला सर. बघू दे मला माझं काम."

चकाकी अजून ओली होती. बोट लावलं असतं तर उमटलं असतं. धाकटी टेबलाच्या एका बाजूला सरकली आणि हात मागे घेऊन उभी राहिली. ताईने डावा डोळा तळहाताने झाकला, उजवा पाटीजवळ नेला. बघत राहिली. रस्त्यावर कुणीतरी फळकूट ओढत नेत होतं, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती वाकलेलीच होती.

"धाकटे," ती सरळ होत म्हणाली, "सांग, तुकडा कुठला."

"काय?"

"अगं मला सापडत नाहीये! मीच केलेला मला सापडत नाहीये!" आणि ताई हसायला लागली. ताई हसली की पोरीसारखी हसते. डोळ्यांतून पाणी काढून हसली, मग डॉक्टरांनी डोळा चोळायचा नाही म्हणून सांगितलेलं आठवून रुमालाने नुसतं टिपलं. धाकटीही हसली. सुटले बाई, तिला वाटलं. आडव्या स्टुलाला उभं करून ती त्यावर बसली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उजवा झकास आहे म्हणाले." ताईने खुर्ची ओढली. "डाव्याचं मात्र काहीतरी नवीनच काढलं. काचबिंदू म्हणे. मोतीबिंदूच्या मागे लपला होता. डोळ्यात दाब वाढतो, नस वाळत जाते आणि कडेकडून दिसेनासं होतं. अर्ध्याहून जास्त वाळली म्हणाले. जे गेलंय ते परत येत नाही, उरलंय तेवढं वाचवायला उद्याच ऑपरेशन करू म्हणतात. उद्याच! जसं काही बाजारालाच जायचंय."

"मग? किती वाजता जायचं?"

"जायचंय कुणाला? विचार करून सांगते म्हटलं त्यांना. येता येता विचार केला. नाही करायचं."

"ताई, असं काय करतेस?"

"अगं, ऐक. अर्धी नस गेली असती तर मला कळलं नसतं? मी काय गोणपाट शिवते? रंगाचा धंदा माझा. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर, दोन वर्षांत एक वस्तू परत आली नाही माझ्याकडे. एक तक्रार नाही. आणि आता हे बघ." तिने पाटीकडे बोट केलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता तेव्हा केलंय हे मी. दोन्ही! हातच्या कंकणाला आरसा कशाला? एका डोळ्याची चांगली काच बसलीय, दुसरा जसा आहे तसा पुरे. त्यांना काय, कापायला मिळतंय."

धाकटी म्हणाली, डॉक्टर उगाच कशाला सांगतील. ताईने पाटीकडे बोट केलं. धाकटी म्हणाली, दुसऱ्या डॉक्टरला तरी दाखवू. ताईने पुन्हा पाटीकडे बोट केलं. धाकटी म्हणाली, माझ्यासाठी कर. ताई म्हणाली, "तुझ्यासाठी काय म्हणून? डोळा माझा आहे."

पावणेबारा झाले होते. धाकटी स्टुलावर बसून त्या अंगठ्याएवढ्या समुद्राकडे बघत होती. इतकं चांगलं काम तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आणि ते तिथे बसून ताईचा डोळा घालवत होतं. गप्प बसली तर कुणाला कधी कळणार नव्हतं. ताई सुखात राहिली असती, वर्षभर, दीड वर्ष. मग एक दिवस डावीकडचं सगळंच गेलं असतं आणि ताई म्हणाली असती, नशीब.

"तो तुकडा तू नाही केलास," धाकटी म्हणाली.

"हं?"

"तू केलेला मी पुसला. आत्ता सकाळी. हा मी केलाय."

ताईने तिच्याकडे बघितलं आणि फुस्सकन हसली. "तू? चल, काहीतरीच. तुझा हात..."

"माझा हात भरणाचा, ठाऊक आहे मला."

धाकटी वाकली. टेबलाखालची टोपली ओढून तिने ती ताईच्या पुढ्यात ठेवली. टोपलीभर कापसाचे बोळे. ताईने त्यातला एक उचलला, खिडकीशी गेली आणि उजेडात धरला. मग दुसरा उचलला. तिसरा नाही उचलला.

"हा माझा?"

"हो."

"हा समुद्र म्हणून लावला मी?"

"हो."

"हा तर जांभळा आहे गं." आवाज इतका बारीक होता की धाकटीला तो ताईचा वाटेना. "शुद्ध जांभळा आहे."

"लाटा फार सुंदर होत्या, ताई. देवाशपथ."

"गप." ताईने बोळा मुठीत धरला. "हे एकच?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. एक म्हणाली असती तरी डॉक्टरकडे जाण्यापुरतं भागलं असतं. पण आता तोंड उघडलंच होतं. "नाही. अडतीस."

"अडतीस."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल. आणि नंतर... नंतर मला आवडायलाही लागलं. तेही खरं आहे. मी सांगणार होते."

"केव्हा? माझ्या तेराव्याला?"

"एकदा म्हटलं होतं तुला, चष्म्याचा नंबर बघून घे. तू केवढी ओरडलीस."

"ओरडले! मी ओरडत कधी नसते? सत्तावन्न वर्षं ओरडतेय तुझ्यावर, तेव्हा कधी घाबरली नाहीस ती बरी त्याच दिवशी घाबरलीस?" ताईचा आवाज आता चढला आणि धाकटीला जरा बरंच वाटलं. पण तो लगेच उतरला. "एक वस्तू परत आली असती ना, नुसती एक, तर मी डॉक्टरकडे गेले असते. मी मूर्ख आहे, पण इतकी नाही. एका गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती तर माझा डोळा राहिला असता, धाकटे."

धाकटीने तोंडात पदराचा बोळा धरला आणि रडली. ताई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. एक वाजेपर्यंत दोघी तशाच, एक इकडे, एक तिकडे. चहा कुणी केला नाही.

बरोबर एकला संग्रहालयाच्या बाई आल्या. तरतरीत, हातात दिव्याची पेटी, खांद्याला कागदांनी भरलेली पिशवी. "कसा आहे डोळा?" त्यांनी विचारलं आणि ताई म्हणाली, "एक छान आहे." धाकटीने पडदे ओढले. बाईंनी जांभळा दिवा लावला आणि पाटीवर धरला. काळोखात जुनी पाटी एका तऱ्हेने उजळली आणि अंगठ्याएवढा तुकडा दुसऱ्या तऱ्हेने. बाई भिंग घेऊन त्याच्या कडेकडेने गेल्या. मानेपाशी थांबल्या. ताई तिच्या शेजारीच उभी होती, पण हातभर अंतर ठेवून.

"रेघेच्या आत आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "नेहमीसारखं. पडदे उघडा." उजेडात त्यांनी पुन्हा बघितलं आणि मान हलवली. "हे मात्र नेहमीपेक्षाही चांगलं आहे. आता तुमची सही. जोडकाम इथे, रंगकाम इथे."

त्यांनी कागद ताईपुढे ठेवला. पेनचं टोपण काढून दिलं. ताईने पेन घेतलं, रंगकामाची रिकामी रेघ शोधली आणि कागद तसाच टेबलावरून सरकवत धाकटीपुढे नेला.

"दोन्हीकडे तू कर."

धाकटीने वर बघितलं. "ताई, नको ना."

"कर सही."

"या वेळी रंगही यांचा?" बाईंनी आश्चर्याने विचारलं.

"या वेळीच नाही, गेली दोन वर्षं यांचाच आहे," ताई म्हणाली. "मला आजच कळलं." बाईंना थट्टा वाटली, त्या हसल्या. ताई हसली नाही, तशी त्यांनी घाईने कागद गोळा केले. पाटी तिच्या खोक्यात ठेवायला दोघी बहिणींनीच हात लावला, सवयीने, एकीने डावीकडून, दुसरीने उजवीकडून.

बाईंची पावलं जिना उतरून गेली. ताईने दार लावलं. खणातून कागद आणि पेन्सिल काढली आणि टेबलाशी बसली.

"उद्या आठला निघायचं. तू पण यायचंस."

"येते. येतेच. मी तिथे बाहेर बसून राहीन, तू म्हणशील तेवढा वेळ."

"बाहेर नाही, आत यायचं डॉक्टरांसमोर. मी तुला माफबिफ केलेलं नाही, उगाच तोंड उजळू नकोस. काम आहे म्हणून नेतेय." ताईने कागदावर सरळ रेघ मारली. "डॉक्टर सकाळी विचारत होते, फरक कधीपासून पडला? आधी काय दिसेनासं झालं, नंतर काय? त्यावरून त्यांना ठरवता येतं म्हणे, किती वेगाने चाललंय. मी म्हटलं, फरक पडलाच नाही. आता माझ्या डोळ्याच्या तारखा मला ठाऊक नाहीत. तुला ठाऊक आहेत. सांग."

धाकटी समोर बसली. तिने नाक पुसलं. "पहिलं साखरेच्या भांड्याचं झाकण. गेल्याच्या आदल्या वर्षी, मार्च, दुसरा आठवडा. पान हिरवं हवं होतं, तू तपकिरी केलंस."

ताईने लिहिलं. "पुढे."

"मे महिन्यात फुलदाणी. गुलाबी नि पिवळा एक झाले. दिवाळखोर वकिलाची ती बाहुली, जुलैत. तिच्या झग्यापासून निळा गेला."

"निळा, जुलै. पुढे."

"मग रंगांचं तसंच चालू राहिलं. नवीन काही..." धाकटी थांबली. ती टेबलाकडे बघत होती, ताईच्या डाव्या हाताकडच्या रिकाम्या जागेकडे.

"नवीन काय?"

"तुझ्या डाव्या हाताच्या बाटल्या कलंडायला लागल्या. कोपर लागायचं तुझं. तीनदा झालं. तू चिडायचीस, बाटल्या कुणी इथे ठेवल्या म्हणून. गेल्या वर्षी, जानेवारीत. मग मी सगळं उचलून उजवीकडे ठेवायला लागले, ताई. तुला बरं पडावं म्हणून."

ताईने डावा हात टेबलावर पसरला आणि त्या मोकळ्या जागेवरून एकदा फिरवला. मग पेन्सिल घट्ट धरली.

"जानेवारी," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.